फॉन्ट नेमका आला कुठून? शोधताना या चुका टाळा

पुण्यात डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्याचं काम) करणाऱ्या कुणाच्याही कॉम्प्युटरवर फॉन्टची लिस्ट उघडा, संपता संपत नाही. विंडोजचे, ऑफिसचे, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेले, कुणीतरी पेन ड्राइव्हवरून टाकलेले, सगळे एकाच रांगेत. मग अप्पा बळवंत चौकातल्या प्रेसमधून फोन येतो की हा फॉन्ट आमच्याकडे नाहीये, पाठवा, आणि शोधाशोध सुरू होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वर्डमध्ये नाव दिसतंय म्हणजे फॉन्ट आहेच असं धरणं. फाइलमध्ये जे नाव लिहिलंय ते वर्ड दाखवत राहतं, फॉन्ट मशिनवर नसला तरी, आणि अक्षरं दुसऱ्याच फॉन्टची लावतं. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड असं जाऊन फॉन्ट सब्स्टिट्यूशनचं बटण दाबा, कोणता गायब आहे आणि त्याच्या जागी काय लागलंय ते कळतं.

दुसरी चूक, फक्त सी ड्राइव्हवरचं विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर बघणं. विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून राइट क्लिक करून नुसतं इन्स्टॉल केलं की फॉन्ट तुमच्या एकट्याच्या अकाउंटमध्ये, ॲपडेटा नावाच्या फोल्डरच्या आत जातो, त्यामुळे त्याच मशिनवर दुसऱ्याने लॉगिन केलं की त्याला तो दिसत नाही आणि तो बिचारा परत डाउनलोड करत बसतो. त्यापेक्षा सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, फॉन्ट्समध्ये जाऊन फॉन्टवर क्लिक करा, फाइलचा पूर्ण पाथ, कंपनी, व्हर्जन, कॉपीराइट, बरंचसं तिथेच मिळतं. ऑफिसचे क्लाउड फॉन्ट, म्हणजे इंटरनेटवरून येणारे, मात्र ऑफिस स्वतःच्या फोल्डरात उतरवून घेतं, म्हणून वर्डमध्ये दिसणारा फॉन्ट कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही. तेव्हा कोरलला दोष देऊ नका.

फाइलच्या नावावर तर अजिबात जाऊ नका, ते कुणीही बदलू शकतं. आतलं नाव बघा. सुरुवातीला डीव्ही-टीटी (DV-TT) असलं तर सी-डॅक या सरकारी संस्थेकडचा, श्री-देव (Shree-Dev) असलं तर मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीचा, दोन्ही संस्था आपल्या पुण्यातल्याच. पण हे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे अक्षरांचे सगळीकडे चालणारे ठरलेले कोड ते वापरत नाहीत, मजकूर सिलेक्ट करून मंगल हा युनिकोड फॉन्ट लावलात की नुसती चिन्हं दिसणार, आधी युनिकोड कन्व्हर्टरमधून काढायलाच लागतं.

मंगलवरून आठवलं, नवीन मशिनवर तो नसेल तर कुठल्या तरी साइटवरून उतरवू नका प्लीज. सेटिंग्जच्या ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स आहेत, त्यात मंगल, कोकिळा, अपराजिता सगळे अधिकृत मिळतात. आणि ओळखीचा नाही म्हणून निर्मला यूआय हा फॉन्ट उडवू नका, विंडोज ८ पासून स्क्रीनवरचं मराठी त्याच्यावरच चालतं.

मॅकवर फॉन्ट बुकमध्ये राइट क्लिक करून शो इन फाइंडर, काम झालं. लिनक्सवर एफसी-लिस्ट (fc-list) ही कमांड पाथ देते, उबुंटू-डेबियन असेल तर तो पाथ कुठल्या पॅकेजचा ते डीपीकेजी (dpkg) कमांडला विचारा, पॅकेजचं नाव आलं नाही तर बहुतेक कुणीतरी हाताने टाकलेला आहे.

आता प्रेसला फॉन्ट पाठवायचा तर आधी लायसन्स वाचा. मुक्त, बालू, नोटो हे फॉन्ट ओपन लायसन्सचे आहेत, बिनधास्त द्या. विकतचा असेल तर फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलच्या आतच बसवून, पीडीएफ पाठवा, आणि ॲडोबी रीडरमध्ये प्रॉपर्टीजच्या फॉन्ट्स टॅबमध्ये प्रत्येक नावापुढे एम्बेडेड आलंय का ते फाइल पाठवायच्या आधी बघा.