बोनिटात कस्टम पेज: अ‍ॅडमिनला दिसतं आणि युजरला रिकामं, तेव्हा काय करायचं

बोनिटा म्हणजे ऑफिसच्या कामाच्या प्रोसेस चालवणारं सॉफ्टवेअर. त्याचा बोनिटा स्टुडिओ टाकलेला आहे आणि एखादी प्रोसेस चालवून बघितलेली आहे असं धरून चालतो.

पेज काढणं सोपं आहे. यूआय डिझायनर (पेज काढायचं बोनिटाचं साधन) उघडा, टेबल ओढा, बटण ओढा, डेटासाठी एक्स्टर्नल एपीआय (म्हणजे सर्व्हरकडून डेटा मागायचा रस्ता) टाइपचं व्हेरिएबल करा, झालं. फक्त पत्ता डॉट डॉट स्लॅश एपीआय असा रिलेटिव्ह लिहा, सर्व्हरचा अख्खा पत्ता टाकलात तर लाइव्हला गेल्यावरही पेज टेस्ट मशीनकडेच डेटा मागत बसेल.

हाताने एचटीएमएल लिहून झिप करत असाल तर पेज डॉट प्रॉपर्टीज (पेजचं नाव आणि परवानग्या लिहायची फाइल) झिपमध्ये सगळ्यात वर आणि इंडेक्स फाइल रिसोर्सेस फोल्डरमध्ये. पेजचं नाव कस्टमपेज अंडरस्कोरनेच सुरू करा आणि एकदा ठेवलं की बदलू नका, बदललं तर सिस्टम ते नवीन पेज धरते आणि अ‍ॅप्लिकेशनला जुनंच लागलेलं राहतं.

आता परमिशन. हा भाग घाईत वाचू नका.

महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीसाठी परचेस रिक्वेस्टचं पेज केलं होतं, माझ्या लॅपटॉपवर एकदम व्यवस्थित चालत होतं. स्टोअरमधल्या काकांनी त्यांच्या लॉगिनने उघडलं तर वर हेडिंग, खाली टेबलच्या चौकटी आणि आत एकही ओळ नाही. काका म्हणाले, "अहो, कालच तर मी तीन रिक्वेस्ट टाकल्यात." मी क्वेरी चुकली समजून दोन दिवस क्वेरीच बदलत बसलो, आणि कोपरखैरणेहून ठाण्याच्या लोकलमध्ये बसल्यावर लक्षात आलं की मी आजवर हे पेज अ‍ॅडमिन सोडून दुसऱ्या कुठल्याच लॉगिनने उघडलेलं नाही.

झालं असं होतं की पेज जी जी कॉल (सर्व्हरकडे मागणी) करतं ती पेज डॉट प्रॉपर्टीजमधल्या रिसोर्सेसच्या ओळीत लिहिलेली असावी लागते. डिझायनर बऱ्याच नोंदी स्वतः भरतो, पण कस्टम विजेटमध्ये तुम्ही जावास्क्रिप्टमधून केलेली कॉल त्याला कळत नाही. माझी नेमकी बिझनेस डेटा वाचणारी कॉल राहिली होती.

त्यामुळे असं करा. साधं प्रोफाइल (युजरला काय काय उघडता येईल ते ठरवणारा गट) असलेला एक टेस्ट युजर बनवा, इनकॉग्निटोमध्ये त्याने लॉगिन करा, एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा. लाल ओळीवर ४०३ दिसला म्हणजे लॉगिन ठीक आहे, परवानगी नाही. त्या कॉलची मेथड (नुसतं वाचायचं असेल तर गेट), मग उभी रेघ, मग एपीआयच्या पुढचा पत्ता, माझ्यासारखी बिझनेस डेटाची कॉल असेल तर बीडीएम स्लॅश बिझनेसडेटा, असं रिसोर्सेसमध्ये लिहा, प्रश्नचिन्हापुढचं काही लिहायचं नाही. पुन्हा झिप, पुन्हा इम्पोर्ट. आणि आता लॉगआउट करून परत लॉगिन करा, कारण परवानग्या लॉगिनच्या वेळी मोजल्या जातात, नुसतं रिफ्रेश करून ४०३ जात नाही आणि माणूस बरोबर केलेलं काम चुकलं समजून पुसून टाकतो. माझं असं एकदा झालंय.

यावर "सगळ्यांना अ‍ॅडमिन प्रोफाइल देऊन टाका" किंवा "ऑथरायझेशन चेकच बंद करा" असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. स्टोअरच्या माणसाला सगळ्या डिपार्टमेंटच्या केसेस दिसायला लागतात, आणि चुकून एखादी डिलीट झाली तर तुम्ही कोणाला काय उत्तर देणार?

हाताने लिहिलेल्या पेजमध्ये लॉगिन असूनही सबमिट करताना ४०१ आला तर मामला वेगळा आहे. एक्स-बोनिटा-एपीआय-टोकन नावाची कुकी वाचून ती त्याच नावाच्या हेडरमध्ये पाठवा. डिझायनरच्या पेजला हे करावं लागत नाही.

मग अ‍ॅप्लिकेशनमध्ये पेज जोडा, टोकन (इथे म्हणजे पत्त्यात येणारं पेजचं छोटं नाव, वरच्या कुकीशी संबंध नाही) द्या, मेनूत टाका. अ‍ॅप्लिकेशनला लावलेलं प्रोफाइल युजरकडे आहे ना ते बघा, नाहीतर तो अ‍ॅप्लिकेशनच्या दारातच अडतो आणि तुम्ही पेजमध्ये चूक शोधत बसता.

प्रत्येक झिप गिटमध्ये ठेवा, डिस्क्रिप्शनमध्ये तारीख लिहा. आणि तो टेस्ट युजर डिलीट करू नका, पेजमध्ये एक बटण जरी वाढवलं तरी आधी त्याच्या लॉगिनने दाबून बघा, मग काकांना फोन करा.