बेडूक काय खातो ते घरच्या घरी कसं ओळखायचं

शाळेत एकच ओळ पाठ केलेली, बेडूक किडे खातो, संपला विषय. पण पावसाळ्यात जरा डोळे उघडे ठेवले ना तर कळतं की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि त्याला लॅब वगैरे लागत नाही, टॉर्च आणि थोडा पेशन्स बास.

आधी वय बघा. डबक्यातले शेपटीवाले बेडूकमासे बहुतेक शेवाळ खरवडून खातात, पोटाच्या पातळ कातडीतून आतडं जिलबीसारखं गुंडाळलेलं दिसतं कारण शेवाळ पचायला लांब आतडं लागतं, पुढे बेडूक होताना तेच आखूड होतं. बुलफ्रॉगची (आपल्याकडचा तो मोठा भारतीय बेडूक) पिल्लं मात्र लहानपणापासूनच मांसाहारी, दुसऱ्या बेडूकमाशांनाच गट्टम करतात.

मग तोंड बघा. बुलफ्रॉगचा जबडा केवढा, किडे तर सोडाच, उंदराचं पिल्लू, छोटा साप, दुसरा बेडूक, काहीही चालतं. उलट डबक्याकाठचे ते नखाएवढे अरुंद तोंडाचे बेडूक जास्त करून मुंग्या-वाळवीवर जगतात. पहिल्याला 'मिळेल ते' गटात टाका, दुसऱ्याला 'ठरावीक' गटात. आपल्या सह्याद्रीत देवगांडूळ पण आहे, साप नाही हो, तोही उभयचरच, मातीत राहून गांडुळं आणि वाळवी खातो. आणि ब्राझीलमध्ये तर एक झाडबेडूक चक्क फळं खातो!

रात्री अंगणातल्या दिव्याखाली तो भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, बसतो ना, त्याच्यापासून चार हात लांब बसा. तो किड्याच्या मागे धावत नाही, किडा हलला की जीभ बाहेर. मेलेला किडा पुढ्यात टाकला तर ढुंकूनही बघत नाही. गिळताना डोळे मिटून आत जातात, ते घास खाली ढकलायला मदत करतात, मला आधी वाटायचं चव घेतोय.

आता खरी मजा. भेकाची विष्ठा शोधा, ओट्यापाशी, कुंड्यांमागे, काळी जाडसर कांडी असते. हातमोजे घालून जुन्या पांढऱ्या बशीत (आईला न विचारता घेतलीत तर तुमचं तुम्ही बघा) पाण्यात भिजवा, टूथपिकने हळूच मोकळी करा आणि भिंग लावा. मुंग्यांची चकचकीत डोकी, भुंग्यांच्या पंखांची टणक झाकणं, पायाचे तुकडे. मऊ अळ्या आणि गांडुळं पचून जातात म्हणून ती दिसली नाहीत तर खाल्लीच नाहीत असं समजू नका. नंतर हात साबणाने धुवा.

मोजताना दोन रकाने करा, नग किती आणि आकार केवढा. फक्त नग मोजले तर भेक मुंगीखाऊ ठरतो, पण एक मोठा भुंगा बऱ्याच मुंग्यांना भारी पडतो.

आणि हो, भेकाला पकडायचं नाही, कानामागच्या गाठीत विष असतं त्याच्या.