सोरेंतोत टूर कोणती घ्यावी, खाण्याचा कार्यक्रम कोणता निवडावा

इटलीत नापोलीच्या उपसागरावर, कड्याच्या माथ्यावर वसलेलं सोरेंतो हे पायी फिरून होण्याएवढं गाव. तरी इथे टूर विकणाऱ्यांची रांग लागलेली असते. त्यावर दोन सल्ले सर्रास मिळतात: ‘सगळं भारतातूनच बुक करून जा’ आणि ‘काही बुक करू नका, तिथे गेल्यावर बघू.’ दोन्ही पैसे वाया घालवणारे आहेत. कुठे माणूस सोबत हवा आणि कुठे नको, एवढं आधी ठरवा. बुकिंग त्यानंतर.

१. जे स्वतः होतं ते यादीतून काढा

गावाची पायी टूर घेऊ नका. पियाझ्झा तास्सो या मुख्य चौकापासून मारिना ग्रांदेच्या कोळीवाड्यापर्यंत चालत जाता येतं. वाटेत सान फ्रान्चेस्को मठाच्या ओवऱ्या बघा. चौकामागच्या रस्त्याच्या कठड्यावरून जुन्या गिरण्यांची खोल दरी दिसते. व्हिया सान चेझारेओ या गल्लीतले दुकानदार लिमोन्चेल्लोचा, म्हणजे लिंबाच्या गोड मद्याचा, घोट चाखायला फुकट देतात, तेव्हा नुसत्या ‘लिमोन्चेल्लो टेस्टिंग’साठी पैसे मोजायचं कारण नाही. पोझितानो आणि अमाल्फीला स्टेशनाजवळून बस जाते, काप्री बेटाला मारिना पिक्कोला बंदरातून बोट.

२. पाँपेईला मात्र गाइड घ्या

पाँपेई म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन रोमन शहर. सोरेंतोहून चिर्कुमव्हेझुव्हिआना लोकल अर्ध्या तासात ‘पाँपेई स्काव्ही’ला सोडते आणि प्रवेशद्वार स्टेशनाला लागूनच आहे. म्हणजे बसने नेणाऱ्या टूरची गरज नाही. गरज आहे ती समजावून सांगणाऱ्याची. सुमारे ६६ हेक्टरांचं हे शहर नुसतं बघितलं तर तासाभरात सगळ्या भिंती सारख्याच वाटू लागतात.

इटलीत गाइडला परवाना लागतो. झेंडा धरून पुढे चालणारा टूर लीडर वेगळा, परवानाधारक गाइड वेगळा. ‘आत माहिती कोण देणार?’ हे पैसे भरण्याआधी विचारा. नोव्हेंबर २०२४ पासून तिकिटावर नाव असतं आणि दिवसाला २०,००० लोकांनाच आत सोडतात, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो. त्या दिवशी अजिबात जाऊ नका.

‘एका दिवसात पाँपेई आणि अमाल्फीचा किनारा’ ही टूर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. दिवस घाटरस्त्यावर जातो आणि पाँपेई दोन तासांत गुंडाळतात. तिथे तीन तास ही किमान गरज आहे.

३. बोट

लहान गटाची घ्या. काप्रीच्या निळ्या गुहेचं तोंड जेमतेम मीटरभर उंच आहे. लाटा असल्या की ती बंद, आणि आत नेणाऱ्या होडीचे पैसे बहुतेक वेळा वेगळे. दोन्हींबद्दल आधी विचारून घ्या.

४. खाण्याचा कार्यक्रम: इथे घाई करू नका

सगळ्यात अवघड निवड हीच, आणि मला नीट जमायला सगळ्यात जास्त वेळही हिलाच लागला. प्रत्येक जाहिरातीत लिंबांची बाग, पिठाने माखलेले हात आणि हसरी आजी असते, त्यामुळे फोटोंवरून काहीही ठरवता येत नाही. ठरवायचं ते वेळेच्या हिशेबावरून. या भागातल्या प्रत्येक पदार्थाला स्वतःचा वेळ लागतो, आणि तो माहीत असला की जाहिरातीतलं काय खरं हे लगेच कळतं.

लिमोन्चेल्लो घ्या. लिंबाची पिवळी साल शुद्ध अल्कोहोलमध्ये काही दिवस मुरावी लागते, लोणच्यासारखी. मग साखरेचा पाक मिसळायचा. म्हणजे तीन तासांच्या क्लासमध्ये तुम्ही साल काढाल आणि प्याल ते आधी केलेलं. त्यात फसवणूक नाही. पण ‘स्वतः बनवलेली बाटली घरी न्या’ असं कुणी लिहिलं असेल तर तिथे जाऊ नका.

पिझ्झाचंही तेच. नापोलीच्या पद्धतीचं पीठ निदान आठ तास फुगू द्यावं लागतं, भट्टीत मात्र पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो. पीठ आधी मळून ठेवलेलं असणारच. मग विचारायचं ते एवढंच: गोळा हाताने पसरायचा आणि भट्टीत सरकवायचा प्रत्येकाने, की एकाने करायचा आणि बाकीच्यांनी बघायचा? ‘प्रात्यक्षिक’ आणि ‘स्वतः करणे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि जाहिरातीत हाच फरक सगळ्यात धूसर ठेवलेला असतो. उत्तर लेखी मागा.

मोझ्झारेल्लाच्या कार्यक्रमात साकळलेलं दूध (कर्ड) तयार असतं. खरी मजा ते उकळीच्या जवळ आलेल्या पाण्यात ताणण्यात आहे. सोरेंतोची खासियत म्हणजे गाईच्या दुधाच्या ‘फिओर दी लात्ते’ची वेणी. म्हशीच्या मोझ्झारेल्लाचा मुलूख काझेर्ता आणि पेस्तुमकडे आहे. सोरेंतोच्या बागेत कुणी ‘आमच्या म्हशींची’ म्हणत असेल तर म्हशी कुठे आहेत ते विचारा.

बागेची पारख सोपी आहे. इथल्या लिंबाला २००० सालापासून युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, आणि जुन्या पद्धतीच्या बागेत झाडांवर चेस्टनटच्या खांबांचा मांडव असतो. त्यावर पूर्वी गवताच्या चटया असत, आता बहुतेक ठिकाणी जाळ्या. हा मांडव थंडी-वाऱ्यापासून झाड राखतो. मांडवाखालून चालवत नेणारा आणि छाटणीबद्दल बोलणारा माणूस शेतकरी असतो. कुंडीतल्या चार झाडांपाशी फोटो काढून थेट दुकानात नेणारा दुकानदार असतो.

गट किती जणांचा, हा शेवटचा प्रश्न. स्वयंपाकाच्या ओट्याभोवती दहा-बारापेक्षा जास्त माणसं असली की मागच्यांच्या हाताला काही लागत नाही. ‘लहान गट’ या शब्दांवर विसंबू नका, आकडा मागा. आकडा न देणाऱ्याला सोडून द्या, दुसरे पुष्कळ आहेत.

५. शाकाहारी असाल तर

‘व्हेजिटेरियन’ एवढं लिहून थांबू नका. पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या रेनेटनेच, म्हणजे दूध साकळवणाऱ्या त्याच्या जठरातल्या पदार्थानेच, बनतं. इथल्या डोंगरातल्या प्रोव्होलोने देल मोनाको या चीजमध्ये करडाचं रेनेट असतं. मिरी घातलेल्या खुसखुशीत तारल्लीत (कड्याच्या आकाराच्या बिस्किटांत) डुकराची चरबी असते, पुत्तानेस्का सॉसमध्ये बरेचदा अँकोव्ही, म्हणजे छोटे खारवलेले मासे. ज्यांना रेनेट चालत नाही त्यांनी चीजशिवाय मागावं. जैन आणि अंडं न खाणाऱ्यांनी ताज्या पास्त्याबद्दल, न्योक्कीबद्दल (बटाट्याच्या छोट्या गोळ्यांबद्दल) वेगळं विचारावं. शेजारच्या ग्रान्यानोचा सुका पास्ता म्हणजे गव्हाचा रवा आणि पाणी, तो निर्धास्त खा. ही यादी बुकिंगच्या वेळीच पाठवा. ऐन स्वयंपाकाच्या वेळी सांगितलंत तर बिचाऱ्या यजमानाला तुमच्यासाठी टोमॅटो कापण्यापलीकडे काही करता येत नाही.

मासे खाणाऱ्यांसाठी एक सूचना: मेनूत माशाचा भाव बरेचदा ‘एत्तो’चा, म्हणजे १०० ग्रॅमचा असतो. मासा वजन करून दाखवायला सांगा. नावापुढे तारांकन (*) असेल तर तो गोठवलेला.

६. पैसे भरताना

फुकट रद्द करण्याची मुदत बघा आणि दर आयोजकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ताडून घ्या.

७. परत कसं यायचं

चांगल्या बागा आणि शेतघरं गावात नसतात. ती शेजारच्या मास्सा लुब्रेन्से गावाकडे किंवा वरच्या डोंगरात असतात. संध्याकाळचा क्लास जेवणासकट रात्री उशिरा संपतो आणि तेव्हा बस मिळण्याचा भरवसा नसतो. नेण्या-आणण्याची सोय दरात धरली आहे का, ते विचारा. नसेल तर टॅक्सीचा खर्च धरूनच तुलना करा, किंवा सरळ सकाळचा क्लास घ्या. त्या रात्री बाहेर जेवणाचं टेबल राखून ठेवू नका, दुपारचं जेवणच रात्रीपर्यंत पुरतं.