ऐतिहासिक लेखनात राजपदे आणि अधिकारपदे कशी लिहावीत

मराठ्यांच्या इतिहासाविषयी लिहिताना एखाद्या व्यक्तीच्या नावाला पदवी जोडण्यापूर्वी ती पदवी त्या व्यक्तीला कोणाकडून आणि केव्हा मिळाली हे पाहून घ्यावे. आदराच्या भरात आपण सर्वांनाच ‘महाराज’, ‘राजे’ किंवा ‘श्रीमंत’ म्हणू लागतो आणि मग कोण कोणाच्या वतीने कारभार करत होता, हे वाचकाला कळेनासे होते. पदवी म्हणजे नावापुढची सजावट नव्हे. ती धारण करणाऱ्याचे राज्यव्यवस्थेतील स्थान तिच्यातून व्यक्त होते.

‘छत्रपती’ या पदापासूनच सुरुवात करू. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराज छत्रपती झाले. आजचा लेखक निवेदन करताना कोणत्याही प्रसंगात ‘छत्रपती शिवाजी महाराज’ असे लिहू शकतो, कारण तो स्वतःच्या काळातून बोलत असतो. परंतु १६५९ सालच्या प्रतापगडाच्या प्रसंगातील एखादे पात्र संवादात बोलत असेल, तर त्याच्या तोंडी ‘छत्रपती’ हा शब्द घालू नये. तेथे ‘राजे’ किंवा ‘महाराज’ हेच शोभते. निवेदकाचा शब्द आणि पात्राचा शब्द वेगळे ठेवले, तर निम्म्या चुका आपोआप टळतात.

राज्याभिषेकाच्या सुमारास अष्टप्रधानांच्या फारसी पदनामांना संस्कृत नावे देण्यात आली. पेशवे हे मुख्य प्रधान झाले, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत आणि सरनोबत सेनापती झाले. त्यामुळे १६७४ पूर्वीच्या नेमणुकीविषयी लिहिताना जुने नाव आणि नंतरच्या विषयी लिहिताना नवे नाव वापरणे चांगले. येथे ‘सचिव’ आणि ‘मंत्री’ या शब्दांचे आजचे अर्थ मनात येऊ देऊ नयेत. सचिवाकडे राजपत्रांची तपासणी होती आणि मंत्र्याकडे राजाच्या दैनंदिन कारभाराची नोंद व खासगीकडील व्यवस्था होती. पहिल्या उल्लेखाच्या वेळी एवढे अर्ध्या वाक्यात सांगून टाकावे.

सर्वाधिक गोंधळ पेशव्यांविषयी होतो. पेशवे राजे नव्हते. त्यांच्या शिक्क्यात छत्रपती शाहूंचे नाव आधी येते आणि पेशव्याचे नाव ‘मुख्य प्रधान’ या पदासह त्यानंतर येते. म्हणून ‘१७२० साली बाजीरावांचा राज्याभिषेक झाला’ असे कधीही लिहू नये. ‘बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली’ हाच योग्य वाक्प्रयोग आहे आणि नेमणुकीची ती मानाची वस्त्रे छत्रपतींकडून मिळत असत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्यक्ष सत्ता पुण्यात एकवटली असली तरी वस्त्रांची ही पद्धत मोडली नाही, आणि मला तर मराठी राज्याच्या घटनेतील हा सर्वांत बोलका तपशील वाटतो. नाव लिहिताना ‘पेशवा बाजीराव’ असा हिंदी वळणाचा क्रम टाळून ‘बाजीराव पेशवे’ असे लिहावे. ‘रामचंद्रपंत अमात्य’, ‘परशुरामपंत प्रतिनिधी’ यांतही पद नावानंतरच येते. ‘छत्रपती’ आणि ‘श्रीमंत’ मात्र नावाआधी येतात.

सरदार घराण्यांची पदे एकसारखी नाहीत, त्यामुळे सर्वांना ‘सरदार’ म्हणून भागवू नये. आंग्रे सरखेल म्हणजे आरमारप्रमुख होते, दाभाडे सेनापती, नागपूरकर भोसले सेनासाहेबसुभा आणि बडोद्याचे गायकवाड सेनाखासखेल. मल्हारराव होळकरांना सुभेदार म्हणत. महादजी शिंद्यांनी १७८४ साली दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद मिळवले, तरी ते स्वतःला पाटील म्हणवून घेत. त्यांच्याविषयी लिहिताना हे दोन्ही शब्द वाचकापुढे यायला हवेत.

जुनी पत्रे वाचून लिहिणाऱ्यांनी मायन्याकडे, म्हणजे पत्राच्या सुरुवातीच्या संबोधनाकडे, विशेष लक्ष द्यावे. ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री अमुक गोसावी यांसी’ असा मायना दिसला की नवखा वाचक समोरच्या माणसाला राजा समजतो आणि ‘गोसावी’ या शब्दावरून बैरागीही समजतो. प्रत्यक्षात हा प्रतिष्ठित गृहस्थाला लिहिण्याचा रूढ शिष्टाचार होता, पुढे ‘रा. रा.’ म्हणून जो उरला तो यातलाच. ‘राजश्री’वरून पद ठरवू नये, पद पत्राच्या मजकुरातून आणि शिक्क्यावरून ठरवावे. ‘हुजूर’ म्हणजे धन्याचे सान्निध्य आणि ‘स्वारी’ म्हणजे बहुधा खुद्द धनीच. ‘स्वारी पुण्यास दाखल झाली’ या वाक्यात चढाई झालेली नसते.

निजामशहा आणि निजाम यांतही गल्लत होते. अहमदनगरची निजामशाही १६३६ साली संपली. हैदराबादचे निजाम हे वेगळे घराणे असून त्यांची सत्ता १७२४ नंतरची आहे. शहाजीराजांच्या संदर्भात नुसते ‘निजाम’ लिहिले, तर जवळपास शंभर वर्षांची चूक होते.

व्याकरणाचा नियम सोपा आहे, पण तो पाळायला सावधपणा लागतो. आदरार्थी अनेकवचन एकदा स्वीकारले की क्रियापद, सर्वनाम आणि विभक्ती तिन्ही त्याप्रमाणेच चालवाव्यात: ‘महाराज म्हणाले’, ‘त्यांनी’, ‘पेशव्यांनी’, ‘ताराबाईंनी’, ‘राणीसाहेब निघाल्या’. एकाच परिच्छेदात ‘ताराबाईंनी ठरवले’ आणि ‘ती निघाली’ असे येऊ नये. स्त्रियांच्या बाबतीत ही घसरण अधिक होते, आणि ती मला खटकते. ‘आदरणीय’, ‘परमपूज्य’ अशी विशेषणे रचण्यापेक्षा नेमके पद आणि आदरार्थी क्रियापद यांनी मान अधिक चांगला राखला जातो.

एकाच नावाच्या व्यक्ती असतील तेथे ‘थोरले बाजीराव’ व ‘दुसरे बाजीराव’, ‘थोरले माधवराव’ व ‘सवाई माधवराव’ असा रूढ भेद वापरावा. शाहूंच्या बाबतीत गादीचे गाव लिहावेच: १७०८ साली गादीवर आलेले शाहू साताऱ्याचे, तर १८९४ ते १९२२ या काळात राज्य केलेले राजर्षी शाहू कोल्हापूरचे.