साथरोगांवरील ज्ञानकोश-लेख सुधारण्यासाठी कसा तपासावा

पावसाळ्यात डेंग्यू, चिकुनगुन्या किंवा लेप्टोस्पायरोसिसच्या बातम्या येऊ लागल्या, की बेळगाव, खानापूर, निपाणी भागांतला मराठी वाचक मोबाइलवर त्या रोगाचे नाव शोधतो आणि बहुधा मराठी विकिपीडियावरील लेखापाशी येऊन थांबतो. सरकारी आरोग्य खात्याची पत्रके बहुतांशी कन्नडमध्ये असतात. ज्यांना ती सहज वाचता येत नाहीत, त्यांच्यासाठी मराठी लेख हाच जवळचा आधार असतो. ताप अंगावर काढायचा की दवाखाना गाठायचा, हा निर्णयही कधी कधी अशा वाचनातून होतो. त्यामुळे या लेखांची तपासणी ज्यांना थोडी सवड आणि चिकाटी आहे अशा शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि ग्रंथालयांच्या सभासदांनी अंगावर घ्यावी, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी वैद्यकीय पदवी आवश्यक नाही. आकडा वाचण्याची शिस्त मात्र आवश्यक आहे.

लेख प्रथम सलग वाचावा आणि त्यातील प्रत्येक आकडा कागदावर उतरवून घ्यावा. मग प्रत्येक आकड्याला चार प्रश्न विचारावेत: कोणाची मोजणी झाली, कुठल्या भागात झाली, कोणत्या काळात झाली आणि कोणत्या चाचणीच्या आधारे झाली? साथरोगांवरील लेखाचा कस लागतो तो येथे. भाषा, शुद्धलेखन आणि चित्रे यांकडे नंतर वळले तरी चालते, कारण ओघवत्या भाषेतला चुकीचा आकडा अधिक विश्वासाने वाचला जातो.

सर्वांत जास्त गोंधळ मृत्यूच्या प्रमाणात होतो. क्यासनूर अरण्य रोगाचे, म्हणजे माकडतापाचे, उदाहरण घ्या. त्यात मृत्यूचे प्रमाण 3 ते 5 टक्के सांगितले जाते. हे प्रमाण निदान झालेल्या रुग्णांपैकी किती दगावले याचे आहे. एकूण लोकसंख्येपैकी किती दगावले याचे नव्हे. लेखात नुसते 'मृत्युदर 5 टक्के' असे छापले असेल, तर ते वाक्य अपुरे समजून खूण करावी. त्याचप्रमाणे वर्षभरात नव्याने आजारी पडलेले आणि एखाद्या दिवशी आजारी असलेले एकूण लोक, हे दोन आकडे वेगळे ठेवलेले आहेत का, तेही पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार 2023 मध्ये भारतात क्षयरोगाचे दर लाख लोकसंख्येमागे 195 नवे रुग्ण होते. पण ही संख्या गणिती पद्धतीने काढलेला अंदाज आहे, नोंदवलेल्या रुग्णांची बेरीज नाही. लेखाने तसे स्पष्ट म्हटलेले असले पाहिजे.

चाचणीचा प्रश्न डेंग्यूच्या लेखात विशेष महत्त्वाचा ठरतो. राष्ट्रीय कार्यक्रमात एलायझा या प्रयोगशाळेतील रक्ततपासणीच्या पद्धतीने, एनएस-1 (विषाणूचे प्रथिन) किंवा आयजीएम (शरीराने तयार केलेले प्रतिपिंड) चाचणीत, खात्री झालेले रुग्णच निश्चित रुग्ण म्हणून धरले जातात. खाजगी दवाखान्यातल्या झटपट कार्ड-चाचणीवर निघालेले रुग्ण मात्र संभाव्य राहतात. वर्तमानपत्रातील बातमीत दोन्ही एकत्र आलेले असू शकतात, आणि तीच बातमी लेखात संदर्भ म्हणून लावलेली असेल, तर सरकारी आकड्याशी ती जुळणार नाही. अशा वेळी कोणावरही लपवाछपवीचा आरोप करण्याआधी व्याख्या तपासावी.

सीमाभागातील तपासनीसाने स्थळाच्या प्रश्नावर अधिक वेळ द्यावा, कारण येथे तो फार गुंतागुंतीचा आहे. निपाणी आणि चिकोडीकडचा रुग्ण कोल्हापूरला किंवा मिरजेला दाखल होतो, तर चंदगडचा रुग्ण बेळगावला येतो. त्याची नोंद राहत्या गावावर झाली की रुग्णालयाच्या गावावर, यावर दोन जिल्ह्यांचे आणि दोन राज्यांचे आकडे बदलतात. एखाद्या लेखात 'बेळगाव जिल्ह्यात अमुक रुग्ण' असे असेल, तर मूळ अहवालात ते निवासी होते की तेथे उपचार घेणारे, हे शोधावे, आणि शोध लागला नाही तर तसे चर्चा पानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या संपादकांच्या चर्चेच्या पानावर, लिहावे. नावाचाही भाग आहेच: 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाल्यामुळे, अहवाल शोधताना जुनी आणि नवी दोन्ही नावे वापरावी लागतात.

इतिहासाच्या आकड्यांत हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने येतो. आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. त्यामुळे प्लेगच्या काळातील बेळगाव जिल्ह्याच्या मृत्युसंख्येला आजच्या जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागून काढलेला दर निरर्थक ठरतो. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 47 लाख 80 हजार होती. ती त्या काळच्या आकड्याखाली भाजक म्हणून वापरता येत नाही. असा भागाकार दिसला, की तो काढून टाकण्याची शिफारस निःसंकोच करावी.

माकडतापाकडे पुन्हा वळू, कारण लेख शिळा कसा होतो हे त्यातून नीट दिसते. हा रोग 1957 मध्ये शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम आढळला आणि त्याचा विषाणू पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने ओळखला. लेख येथेच थांबला असेल आणि 'हा शिवमोग्याचा रोग आहे' असेच वाचकाला सांगत असेल, तर तो जुना झाला आहे, कारण पुढे गोव्याच्या सत्तरी भागात आणि सिंधुदुर्गातील दोडामार्गमध्येही रुग्ण सापडले. खानापूर तालुक्यातील जंगल याच सह्याद्रीच्या पट्ट्यात मोडते, त्यामुळे काजूच्या बागांत आणि रानात जाणाऱ्या माणसासाठी ही दुरुस्ती तातडीची आहे. हा रोग गोचिडीतून पसरतो, एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, हे लेखाच्या आरंभीच आहे का, ते पाहावे. जुन्या लसीची परिणामकारकता कमी आढळल्याने कर्नाटकात तिचा वापर थांबला आहे. 'लस उपलब्ध आहे' असे वाक्य तसेच राहिलेले असेल, तर सर्वांत आधी ते बदलावे.

गोवरासारख्या रोगाच्या लेखात आर-नॉट ही संख्या येते. म्हणजे कोणालाही प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण करतो, ते. गोवरासाठी ती 12 ते 18 सांगतात, पण 2017 मध्ये 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात आलेल्या आढाव्यात ती याहून बरीच कमीजास्त होत असल्याचे दिसले. म्हणून ती विषाणूचा कायमचा गुणधर्म म्हणून दिली असेल, तर हरकत घ्यावी. सामूहिक प्रतिकारशक्तीचा उंबरठा, म्हणजे साथ थांबण्यासाठी समाजातील किती लोकांना प्रतिकारशक्ती हवी ते प्रमाण, त्याच संख्येतून निघतो: एकातून तिचा व्यस्तांक (एक भागिले ती संख्या) वजा करावा. 12 साठी तो सुमारे 92 टक्के आणि 18 साठी सुमारे 94 टक्के येतो. लेखातील टक्केवारी या हिशेबात बसत नसेल, तर चूक हाताशी लागली.

संदर्भांची पारख वेगळी करावी. एकट्या प्रयोगशाळेचा किंवा एका गावाचा अभ्यास मोठ्या विधानाला पुरत नाही. त्यासाठी आढावा-निबंध, जागतिक आरोग्य संघटनेची पत्रके आणि राष्ट्रीय कार्यक्रमांची मार्गदर्शक तत्त्वे पाहावीत, आणि ती शक्यतो गेल्या पाच वर्षांतली असावीत. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये आला. त्याच्या छापील खंडांतील रोगांची वर्णने भाषेच्या दृष्टीने आजही उपयोगी असली, तरी उपचार आणि आकडे यांसाठी त्यांच्यावर विसंबू नये. कोणत्याही लेखात औषधाची मात्रा दिली असेल, तर ती काढण्यास सुचवावे.

वादग्रस्त आकड्यांपासून पळू नये. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत कोविडमुळे भारतात झालेल्या मृत्यूंची अधिकृत संख्या सुमारे 4 लाख 80 हजार होती, तर जागतिक आरोग्य संघटनेने अतिरिक्त मृत्यूंचा, म्हणजे एरवी अपेक्षित असतात त्याहून जास्त झालेल्या मृत्यूंचा, अंदाज सुमारे 47 लाख दिला आणि भारत सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. चांगला लेख दोन्ही आकडे, ते कसे काढले ते आणि आक्षेप, तिन्ही देतो. त्यांपैकी एकच दिला असेल, तर लेख एकांगी आहे अशी नोंद करावी.

काय सुटले आहे, हेही लिहावे. देवीच्या लेखात 1975 चा भारतातील शेवटचा रुग्ण आणि 1980 ची निर्मूलनाची घोषणा सापडेल, पण देवीची लस तयार करणारी संस्था बेळगावातही होती हे सुटलेले असू शकते. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो त्याच कामाची आठवण आहे.

तपासणीचा निष्कर्ष लेखाच्या चर्चा पानावर क्रमाने मांडावा: जिवाला धोका पोचेल अशा चुका प्रथम, मग कालबाह्य आकडे, मग गाळलेला मजकूर आणि शेवटी भाषा. प्रत्येक मुद्द्यासोबत मूळ वाक्य, सुचवलेले वाक्य आणि संदर्भ द्यावा, म्हणजे दुसरा संपादक विनाविलंब दुरुस्ती करू शकतो. दुरुस्ती स्वतः करत असाल, तर एका वेळी एकच बदल करून बदलाच्या सारांशात कारण लिहावे, लेख पहाऱ्याच्या सूचीत (ज्या लेखांतील बदल आपल्याला कळत राहतात ती यादी) ठेवावा आणि नवे वार्षिक अहवाल आले की आकड्यांची यादी पुन्हा पडताळावी.