भरती-ओहोटीचा व्हिडिओ पाठ : रेंज नसलेल्या शाळेसाठी मोबाइलवर कसा बनवावा

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा पाठ आहे. किनाऱ्यावरच्या मुलांना समुद्र रोज दिसतो, पण पाण्याचा पूर्ण उतार बघायला सहा तास लागतात आणि शाळेचा तास असतो जेमतेम पाऊण. मोबाइलवर पहिलाच पाठ बनवणाऱ्या शिक्षकाने असा, वर्गात एरवी दाखवताच येणार नाही असा विषय घ्यावा. पुस्तकातला उतारा कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवला तर मुले दोन मिनिटांत कंटाळतात. ते काम बाई किंवा गुरुजी समोर उभे राहून कितीतरी चांगले करतात.

सुरुवातीला पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून पाहा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमधले साहित्य रेंज असलेल्या जागी उतरवून घेतले की शाळेत इंटरनेटशिवाय चालते. चंद्र-सूर्याच्या आकर्षणाची चलचित्रे तिथे मिळाली तर ती पुन्हा बनवण्यात वेळ घालवू नका. आपल्या बंदरावरचे पाणी मात्र तिथे मिळणार नाही. ते आपणच टिपायचे.

दिवस आणि जागा

पौर्णिमा किंवा अमावास्या निवडा. एक तर त्या सुमारास उधाण असते, म्हणून चढउतार मोठा दिसतो. दुसरे म्हणजे, कोकणात चालणारा हिशोब असा की तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. तिथून सव्वासहा तासांनी, साडेपाचच्या सुमारास, पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. दोन्ही टोके उजेडात येतात. अष्टमीला भरती सकाळी सहाला असते आणि त्यातून भांगाचे पाणी, त्यामुळे फरक फार कमी दिसतो. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी होडीवाल्यांना विचारून घ्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात सोयीचा. पावसाळ्यात खवळलेल्या लाटांमुळे पाण्याची रेषाच कळत नाही, आणि उधाणाच्या वेळी खडकांवर उभे राहणे धोक्याचे असते. मुलांना सोबत न्यायचे असेल तर धक्क्याच्या आतल्या बाजूलाच थांबवा.

चित्रात मोजता येईल असे काहीतरी हवे, आणि धक्क्याच्या पायऱ्यांसारखे दुसरे काही नाही. मुलांना पायऱ्या मोजता येतात, मीटर डोळ्यांसमोर येत नाही. मुंबईकडे चढउतार मोठा असतो, दक्षिणेला सिंधुदुर्गाकडे तो कमी होत जातो. तिथे कॅमेरा पायऱ्यांच्या जवळ ठेवा, नाहीतर फरक चित्रात हरवून जाईल.

कॅमेऱ्याचे तोंड पश्चिमेला नको. दुपारनंतर सूर्य थेट भिंगात येतो आणि धक्का नुसता काळा दिसतो. उत्तरेकडे तोंड करा, किंवा खाडीची आडवी बाजू घ्या.

फोटो

मोबाइल आडवा धरा. तिकाटणे (ट्रायपॉड) नसेल तर कठड्यावर वाळूने भरलेली पिशवी ठेवून तिच्या खाचेत मोबाइल बसवा आणि पिशवीच्या कडेने खडूने रेघ मारून ठेवा. दर वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर फोटो आला पाहिजे. झूम बदलू नका. दर १५ मिनिटांनी एक फोटो, सव्वाअकरापासून साडेपाचपर्यंत एकूण २६.

खाऱ्या वाऱ्याने भिंगावर तासाभरात मिठाची पुटी चढते आणि चित्र दुधाळ येते. ती कोरड्या फडक्याने घासली तर भिंगावर चरे पडू शकतात. गोड्या पाण्यात किंचित भिजवलेल्या सुती फडक्याने आधी टिपून घ्या, मग कोरडे करा.

पहिले चार आणि शेवटचे चार फोटो जवळजवळ सारखे दिसतात. ते काढून टाकण्याचा मोह आवरा. भरतीच्या आणि सुकतीच्या टोकाला पाणी रेंगाळते आणि मधल्या दोन तासांत झपाट्याने उतरते, ही गोष्ट मुलांना त्या सारख्या फोटोंमुळेच कळते.

आवाज

पाठ वाया जातो तो बहुतेक वेळा आवाजामुळे. चित्र थोडे अंधुक असले तर मुले सांभाळून घेतात, शब्द कळले नाहीत तर बघणेच सोडतात. म्हणून निवेदन समुद्रावर नव्हे, घरात वेगळे ध्वनिमुद्रित करा. पत्र्याच्या छपराखाली पावसात हे काम होत नाही. रिकाम्या वर्गातही आवाज घुमतो. कपडे आणि अंथरुणे असलेली लहान खोली घ्या, समोर दोरीवर गोधडी टाका, पंखा बंद करा आणि मोबाइल विमान मोडवर ठेवा. तोंडापासून एक वीतभर अंतर, तेही समोर नाही तर किंचित बाजूला. समोर धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फटकारा बसतो.

मजकूर लिहूनच काढा. मिनिटाला सुमारे १०० शब्द हा वेग मुलांना पेलतो, म्हणजे साडेतीन मिनिटांना साडेतीनशे शब्द. त्याहून लांब करू नका. चूक झाली तर न थांबवता दोन सेकंद गप्प राहा आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणा. पुढे तोडताना ती शांत जागा लगेच सापडते.

घरात मुले ‘सुकती’ म्हणत असतील तर पाठातही आधी ‘सुकती’ येऊ द्या, मग ‘यालाच पुस्तकात ओहोटी म्हणतात’ असे सांगा. ओळखीच्या शब्दावरून नव्या शब्दाकडे जाणे मुलांना सोपे जाते, आणि आपल्या बोलीला वर्गात जागा आहे हेही त्यांना कळते.

जोडणी

मोबाइलवरच्या कोणत्याही व्हिडिओ संपादन ॲपमध्ये आधी आवाज बसवा, मग त्यावर फोटो, प्रत्येकी एक सेकंद. २६ सेकंदांत समुद्र उतरतो. हा तुकडा दोनदा घ्या, एकदा निवेदनासह आणि एकदा मूक. चित्रपटगीतांचे संगीत लावू नका. त्यावर हक्कांचे बंधन असते, आणि त्याने शब्दही झाकले जातात.

पडद्यावरची अक्षरे पडद्याच्या उंचीच्या बाराव्या भागाइतकी तरी हवीत, एका वेळी सहा-सात शब्दच. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधले मराठी दुसऱ्या यंत्रावर अगम्य चिन्हे होऊन उमटते.

जतन करताना ७२०पी, एमपी४ आणि एच २६४ (व्हिडिओ आक्रसून साठवण्याची पद्धत) निवडा. नव्या मोबाइलवर पुष्कळदा एच २६५ असते, आणि शाळेतल्या जुन्या टीव्हीवर त्याचा आवाज येतो पण पडदा काळाच राहतो. २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) दर ठेवला तर मिनिटाला १५ एमबी, म्हणजे पूर्ण पाठ ५० ते ५५ एमबी होतो.

शाळेत पोहोचवणे

पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करा. इतर पद्धती काही टीव्ही ओळखत नाहीत. फाइलचे नाव नुसत्या इंग्रजी आकड्यांत द्या : इयत्ता, पाठ, भाग. देवनागरी नावाचे काही टीव्हींवर चौकोन होतात.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो आक्रसतो आणि मोठ्या पडद्यावर अक्षरे फुटतात. सहकाऱ्याला पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पालकांसाठी उलट लहान प्रतच बरी. ज्या वाडीत चढणीवर जाऊनच रेंज मिळते तिथे नुसते निवेदन पाठवा. ६४ केबीपीएसला साडेतीन मिनिटे म्हणजे दोन एमबीच्या आतच. मुलांचे चेहरे दिसणार असतील तर आधी पालकांची लेखी संमती घ्या.

वर्गात

टीव्ही लावण्याआधी प्रश्न विचारा : आता पाण्याखाली असलेल्यांपैकी किती पायऱ्या उघड्या पडतील? प्रत्येकाला आकडा वहीत लिहू द्या. मग मूक तुकडा दाखवा आणि मध्यावर थांबवून आकडा बदलायची मुभा द्या. निवेदन त्यानंतर. शेवटी टीव्ही बंद करून आलेख काढून घ्या, आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर उघड्या पायऱ्या. रेघ सरळ न येता वळते, आणि ती का वळते हे मुले स्वतःच विचारतात. चंद्राचे कारण फळ्यावर सांगायची वेळ ती. दोन-तीन इयत्ता एकत्र बसत असतील तर धाकट्यांना मोजणीचे काम द्या.

टीव्हीची काळजी

मे-जून आणि ऑक्टोबरात विजा चमकू लागल्या की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि छतावरून आलेली केबलही सोडवून ठेवा. पावसाळ्यात टीव्ही महिनाभर बंद राहिला तर आत ओल धरते. दोन-तीन दिवसांनी अर्धा तास चालू ठेवा, सुट्टीतही कुणाला तरी ते सांगून जा. पाठाची एक प्रत मोबाइलमध्ये आणि दुसरी वेगळ्या पेनड्राइव्हवर, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.