आयर्नचं सलाईन घ्यायला जाताना

हिमोग्लोबिन कमी म्हणजे लगेच आयर्न, असं नसतं. थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषातही ते कमीच दिसतं, पण शरीरात लोह पुरेसं असतं, वरून शिरेतून दिलं की साठत जातं. म्हणून आधी फेरिटिनचा, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट हातात हवा. अंगात ताप असेल तर तारीख पुढे ढकला. पावसाळ्यात मलेरिया-डेंग्यूची तपासणी आधी. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हे सलाईन देत नाहीत.

केस पेपरवर औषधाचं पूर्ण नाव वाचा. खरी गफलत इथेच होते. आयर्न सुक्रोज एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅम देतात, म्हणजे १०० मिलिग्रॅमचे दोन अँप्युल (औषधाच्या छोट्या काचेच्या कुप्या) १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये, निदान १५ मिनिटं लावून, आठवड्यातून जास्तीत जास्त तीनदा. फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज मात्र एकाच बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दोन्ही 'आयर्न'च, दोन्ही तपकिरी. कार्बॉक्सीमाल्टोजचा डोस सुक्रोजमध्ये दिला गेला तर बीपी धाडकन खाली येतं. एकूण किती लागेल याचा हिशोब असा: वजन × (१५ वजा तुमचं हिमोग्लोबिन) × २.४, अधिक ५००. ५० किलो आणि ८ हिमोग्लोबिन असेल तर १३४० मिलिग्रॅम, म्हणजे सुक्रोजच्या सात फेऱ्या. इतक्यांदा लोकलने येणं जमणार आहे का, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

उपाशीपोटी जायची गरज नाही, नाश्ता करूनच निघा. पूर्वी कुठल्याही इंजेक्शनने अंगावर पित्त उठलं असेल किंवा दमा असेल तर ते सिस्टरना आपणहून सांगा. अ‍ॅड्रेनॅलिन (जोराच्या अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) आणि ऑक्सिजन हाताशी नसेल तिथे हे घेऊ नका, घरी तर नाहीच.

सुई कोपराच्या घडीत नको, पुढच्या हाताच्या सरळ शिरेत बरी. आधी साधं सलाईन सोडून शीर नीट चालते का ते बघतात. ते झालं नाही तर विचारा. मग बाटलीतून कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी नळीत उतरतं. सुईपाशी चुरचुरलं, फुगलं की लगेच हाक मारा. 'एवढंसं दुखणारच' म्हणून गप्प बसलात तर औषध कातडीखाली झिरपतं आणि तिथे पडलेला तपकिरी डाग महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं जात नाही. ती जागा चोळू नका, डाग पसरतो.

चेहरा लाल होणं, छातीत दडपण, पाठ धरणं यात सिस्टर सलाईन थांबवतात. बहुतेकदा हा त्रास काही मिनिटांत उतरतो. ओठ सुजले, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती खरी अ‍ॅलर्जी. तिथे क्षणाचाही उशीर नको.

संपल्यावर ३० मिनिटं तिथेच बसा, लोकल पुढचीही मिळेल. तोंडाला धातूची चव, एक-दोन दिवस अंगदुखी चालते. कार्बॉक्सीमाल्टोजनंतर आठवड्यांनी हाडं दुखू लागली, फार गळून गेल्यासारखं वाटलं तर रक्तातलं फॉस्फेट तपासून घ्या.

आयर्नच्या गोळ्या सलाईन चालू असताना बंद, शेवटच्या सलाईननंतरही किमान ५ दिवस. फेरिटिन चार आठवड्यांच्या आत करू नका, आकडा खोटा फुगलेला येतो आणि पैसे वाया.